डोहाळे डोंगराचे!

डोहाळजेवणाचे फोटो कधी नीट बघितलेत? एका फोटोत हिरव्या साडीतली ती पुठ्ठ्याच्या चंद्रकोरीवर बसलेली असते. दुसऱ्यात कागदी लाटांवरच्या नावेत आणि तिसऱ्यात प्लास्टिकच्या वेली गुंडाळलेल्या झोपाळ्यावर. म्हणजे बघा, गरोदर बाईला चांदणं, पाणी आणि रान हवंहवंसं वाटतं, हे आपल्या परंपरेलाही मान्य आहे! फक्त ते सगळं हॉलमध्ये, एसीत आणि फोटोग्राफर सांगेल तेवढाच वेळ. खऱ्याखुऱ्या चांदण्यात, खऱ्या पाण्याकाठी तंबू ठोकून राहायचंय म्हटलं, की घरातल्या सगळ्यांच्या भुवया वर.

जिजाऊंना गड चढायचे डोहाळे लागले होते, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलोय. १६३० साली शिवरायांचा जन्म झाला तोही शिवनेरीच्या गडावर. पण हे उदाहरण आईसमोर दिलं, तर उत्तर ठरलेलं. 'त्या जिजाऊ होत्या. तू लोकलमधून उतरताना धापा टाकतेस!'

माझे डोहाळे मात्र चिंचा-आवळ्यांचे नव्हतेच. विसावा आठवडा लागला आणि मला डोंगर आठवायला लागला. सकाळी तंबूची चेन उघडल्यावर नाकात शिरणारा गार वारा, चुलीचा धूर, बुटाखाली चुरचुरणारी वाळकी पानं. लग्नाआधीपासून आम्ही दोघं भटकतोय. आमची ओळखच मुळी एका ट्रेकच्या बसमध्ये झाली. तेव्हा पुढची दोन-अडीच वर्षं शी-शू आणि लसीकरणाच्या तारखांत जायच्या आधी एक वीकएण्ड सह्याद्रीत काढायचा, असं ठरलं. ठिकाण भंडारदरा. जानेवारीतला शनिवार-रविवार.

डॉक्टरांचं 'हो' आणि घरच्यांचं टेन्शन

या 'हो'ला आमच्याकडे जरा जास्त वजन होतं. कारण ही माझी दुसरी वेळ. पहिलं बाळ नवव्या आठवड्यातच गेलं. त्याच्या आदल्या महिन्यात आम्ही कळसूबाई करून आलो होतो आणि मग काय, नातेवाइकांना कारण मिळालं. समाचाराला आलेली प्रत्येक बाई खोलीतून बाहेर पडताना आईला म्हणायची, 'डोंगर चढायला कशाला जायचं म्हणते मी!' हलक्या आवाजात, पण मला ऐकू जाईल इतपत.

आमच्या डॉक्टरबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं की, पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास, कदाचित त्याहूनही जास्त वेळा, कारण गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषात असतं. चालल्याने, जिने चढल्याने निरोगी गर्भ पडत नाही. हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलं होतं. पण डायरीतलं वाक्य डोक्यात उतरायला वेळ लागतो. या वेळी पहिले तीन महिने मी घरातल्या घरातही पाय मोजून टाकत होते. त्यामुळे डोंगर आठवायला लागला याचा सगळ्यात जास्त आनंद झाला तो मलाच.

या वेळी डॉक्टरबाईंनी आधी रिपोर्ट बघितले. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळ छान, वार गर्भाशयाच्या वरच्या बाजूला, हिमोग्लोबिन ठीक, बीपी नॉर्मल. वार खाली असती, रक्तस्राव झालेला असता, गर्भाशयाचं तोंड आखूड असतं किंवा जुळी असती, तर त्यांनी घरी बसायला सांगितलं असतं. सगळं सुरळीत असेल तर गरोदर बाईने आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. मग त्यांनी मला विचारलं, 'चढ किती? जवळचं हॉस्पिटल कुठे? रस्ता कसा?' ट्रेकचा इतका व्यवस्थित प्लॅन तर आमच्या ग्रुप लीडरनेही कधी विचारला नव्हता.

उंचीची काळजी आपल्याकडे नाहीच. हिमालयात विरळ हवेचा प्रश्न येतो. आपल्या राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटरचं. सह्याद्रीत खरी भीती पाय घसरण्याची. गरोदरपणात रिलॅक्सिन नावाचं हार्मोन सांध्यांचे बंध सैल करतं आणि पोट पुढे आल्याने शरीराचा तोल बदलतो. दर पावसाळ्यात आपण ज्या दगडावरून बिनधास्त उडी मारतो, तोच दगड आता दोनदा विचार करायला लावतो. म्हणून अटी ठरल्या. शिडी नाही, कातळ नाही, खांद्यावर सॅक नाही. आणि चालताना मला नवऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं की थांबायचं.

'वाक्य तुटायची शक्यता कमी आहे,' असं नवरोबा म्हणाला. डॉक्टरबाई पण हसल्या!

सासूबाईंना सांगायचं काम त्यानेच केलं. त्या दोन मिनिटं गप्प बसल्या आणि मग राजगिऱ्याच्या वड्या, खजूर, भाजलेले शेंगदाणे आणि एक लोकरीची टोपी असं सगळं पिशवीत भरून दिलं. 'पोचल्यावर फोन करा. रेंज नसली तर रेंज शोधा आणि फोन करा.' परवानगी यालाच म्हणायचं.

घाटाला टाटा

मुंबईहून भंडारदरा साधारण पावणेदोनशे किलोमीटर. पूर्वी कसारा घाटातली वळणं चुकायची नाहीत. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि आता सुमारे आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यातून थेट इगतपुरी. ज्यांना वळणांवर मळमळतं त्यांच्यासाठी तर हे वरदानच. सीटबेल्ट मी लावला होताच. खालचा पट्टा पोटावरून नाही तर पोटाच्या खालून, मांड्यांवर. वरचा पट्टा पोटाच्या बाजूने. दर तासाभराने गाडी थांबवून पाच मिनिटं चालायचं. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, म्हणून एकाच जागी तासन्‌तास बसणं नको.

घोटी सोडलं की मूड बदलतो. कापलेल्या भाताची खाचरं, डावी-उजवीकडे डोंगर. बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. तिथे रविवारी पहाटे केवढ्या गाड्या लागतात! बारी आलं तेव्हा गाडीत दोघंही गप्प झालो. त्याने वेग कमी केला नाही आणि वाढवलाही नाही. वारंघुशी फाट्याला वळलो आणि शेंडी गावात पोचलो, तेव्हा मी खिडकीची काच खाली केली.

शेंडी म्हणजेच भंडारदऱ्याचं दार. पुढ्यात प्रवरेवरचं विल्सन धरण. ब्रिटिशांच्या काळात १९१० मध्ये काम सुरू होऊन १९२६ मध्ये पुरं झालेलं. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं आणि मागच्या जलाशयाला आर्थर लेक. शंभरी गाठलेल्या या दगडी भिंतीमागे डोंगरांच्या कुशीत पसरलेलं पाणी बघताना हे तळं माणसाने केलंय यावर विश्वास बसत नाही.

जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे. एका अंगाने मुरशेत, घाटघर, साम्रद आणि दुसऱ्या अंगाने रतनवाडी. आम्ही तंबूसाठी मुरशेतची बाजू निवडली. व्ह्यू तर भन्नाटच, पण मुख्य कारण म्हणजे शेंडी जवळ आणि गाडी तंबूपासून पन्नास पावलांवर. रोमान्स नंतर, पार्किंग आधी!

पिठलं की बाळ?

संध्याकाळी पाण्यापलीकडे रतनगड काळा होत गेला. त्याच्या शेजारचा खुट्टा नावाचा सुळका उभ्या अंगठ्यासारखा दिसत होता, जणू आम्हाला 'ऑल द बेस्ट' म्हणतोय. कॅम्पवर तांदळाची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा आणि वाफाळता भात. हा भात खास. अकोले तालुक्यात काळभात नावाचा देशी वाण पिकतो, शिजताना घमघमतो. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना अशी गावरान बियाणी जपल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली होती. चुलीपाशी बसून ताटात दुसऱ्यांदा भात घेताना ती पद्मश्री किती रास्त आहे ते कळलं.

स्वयंपाक करणाऱ्या आजींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, 'कितवा?'

'पाचवा.'

'मंग ठेचा कमी खा, पोरी. रातच्याला जळजळ व्हईल.' डॉक्टर, सासूबाई आणि आजी, तिघींचं एकमत.

आजी इथल्याच, महादेव कोळी समाजातल्या. चार बाळंतपणं घरीच झालेली. आवणीच्या दिवसांत, नववा महिना असतानाही त्या गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावायच्या. मला वाटलं, चला, आता ही आजी सांगणार, आजकालच्या मुली नाजूक. नवरोबालाही तेच वाटलं असावं, कारण तो उत्साहाने म्हणाला, 'म्हणजे चालणं चांगलंच ना, आजी?'

आजींनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. 'चांगलं वाईट कुनी बघितलं, बाबा? काम व्हतं म्हनून केलं. धाकल्या सुनेच्या येळी आषाढात वढ्याला पूर. झोळी करून चौघांनी सडकेपातुर नेली. वाचली. शेजारची न्हाई वाचली.' मग त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं. 'तू हौसंनं आलीस, चांगलं केलंस. दमलीस की बस. आमाला बस म्हननारं कुनी नव्हतं.'

शहरात आपण फार सहज म्हणतो, पूर्वीच्या बायका बघा, शेवटच्या दिवसापर्यंत राबायच्या, काही व्हायचं नाही. व्हायचं. ते सांगायला त्या सगळ्याजणी उरल्या नाहीत एवढंच. माझ्या मोबाईलमध्ये १०८ होता, दारात गाडी होती आणि खिशात सोनोग्राफीचा रिपोर्ट. ही सगळी तयारी म्हणजे लाड नव्हेत, हे मला त्या चुलीपाशी पटलं.

उठताना मी आजींना कळसूबाईबद्दल विचारलं, कुठल्या बाजूला दिसते म्हणून. त्यांनी पाठीमागच्या अंधाराकडे हात केला. का विचारतेस, असं काही त्यांनी विचारलं नाही, पण मीच सांगून टाकलं. गेल्या वेळचं. नातेवाइकांचंही. त्या म्हणाल्या, 'आई कुनाचं पोर खाती का? इथूनच हात जोड.' मी जोडले. डायरीतलं वाक्य डोक्यात उतरायला बहुधा तेवढंच बाकी होतं.

तंबूत रात्र कशी गेली? एकदम राजेशाही! खाली दोन मॅट, घरून आणलेल्या तीन उशा. एक डोक्याला, एक गुडघ्यांत, एक पोटाखाली. डाव्या कुशीवर झोपायचं. ट्रेकिंगच्या काळात बूटच उशीला घेणारा माझा नवरा ती उशांची रांग लावताना बघून मला हसू आवरेना. रात्रीत तीनदा बाहेर जावं लागलं, कारण गर्भाशय मूत्राशयावर बसलेलं. तिसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले. थंडीने दात वाजत होते आणि आकाश चांदण्यांनी गच्च भरलेलं. पाण्यातही चांदण्या. डोहाळजेवणाच्या हॉलवाल्याला एवढं डेकोरेशन जमलं असतं का?

परत येऊन आडवी झाले आणि पोटात काहीतरी बुडबुड झालं. पाण्यात बुडबुडा फुटावा तसं. पिठलं की बाळ? नवऱ्याला उठवलं. त्याने पोटाला हात लावला, अर्धा तास तसाच ठेवला आणि हात ठेवूनच झोपला. बुडबुडा परत आला नाही.

अमृतेश्वर आणि जंगलवाट

सकाळी गाडीने रतनवाडी. गावात शिरताच अमृतेश्वराचं देऊळ दिसतं. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवमंदिरं बांधली, त्यांतलं हे एक, अशी परंपरा आहे. हजारेक वर्षांचा हा दगड इतका नाजूक कोरलाय की, शिखरावरच्या नक्षीवरून नजर हलत नाही. शेजारची दगडी पुष्करणी, तिच्या भिंतीत देवड्या आणि त्यांत मूर्ती. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. जानेवारीत मात्र आतला गारवा तेवढा पायाला लागतो. पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात, तेव्हा अनवाणी जपून.

देवळामागून रतनगडाची वाट निघते. प्रवरेचा उगम याच गडावरचा. खाली संगमनेर, नेवाशाकडे मोठी नदी होणारी ही प्रवरा इथे दगडांतून वाहणारा ओढा आहे. लोक तिला अमृतवाहिनी म्हणतात. वाट तिच्या काठाकाठाने दाट झाडीत शिरते आणि पहिला तासभर चढ अगदी सोसवेल असा. गड गाठायला नेहमीच्या चालीने तीनेक तास लागतात आणि शेवटी दरवाजाच्या आधी लोखंडी शिड्या. वर नेढं आहे, डोंगराच्या माथ्याला आरपार पडलेलं भोक. त्यात बसून वारा खाण्यासारखं सुख नाही. आम्ही दोघांनी ते पूर्वी खाल्लंय. आज तासभर चालायचं आणि परत, हे मुंबईतच ठरलेलं.

माझ्या हातात काठ्या दोन, त्याच्या पाठीवर सामान सगळं. ओढा ओलांडायच्या जागी त्याने माझा हात धरला तो सोडेचना. सपाट वाटेवरही धरलेलाच. 'अरे, काठ्या कशाला आणल्यात मग?' मी वैतागले. तो म्हणाला, 'तुझ्यासाठी काठ्या आहेत. मला काय आहे?' त्याच्या तळव्याला थंडीतही घाम होता. गेल्या वर्षीचं त्यालाही कोणीतरी काहीतरी बोललंच असणार. मी कधी विचारलं नव्हतं. मग मी एक काठी त्याच्याकडे दिली आणि हात राहू दिला.

मागून कॉलेजच्या पोरांचा एक ग्रुप आला, स्पीकरवर गाणी लावून. माझ्याकडे बघून त्यांनी गाणं बंद केलं आणि वाट सोडली. 'काकू, सांभाळून हां!' काकू? मी? अठ्ठावीस वर्षांची? गरोदरपणातला हा साइड इफेक्ट कोणत्याच पुस्तकात दिलेला नाही.

गरोदरपणात शरीरातलं रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत वाढतं. हृदयाला जास्त काम, म्हणून धाप लवकर लागते. पन्नासाव्या मिनिटाला माझं वाक्य तुटलं. लगेच बसलो. समोर पानांच्या फटीतून गडाचा कडा दिसत होता. खजूर खाल्ले, पाणी प्यायले. वर पोरांचे आवाज लांब जात होते. मला वाटलं होतं, परत फिरताना वाईट वाटेल. नाही वाटलं. गड काय, साडेतीनशे वर्षांपूर्वी होता आणि पुढच्या वर्षीही असणार.

आणि तेव्हाच पोटात परत बुडबुडा. एक, मग लगेच दुसरा. कालचं पिठलं केव्हाच पचलेलं. मी नवऱ्याचा हात ओढून पोटावर ठेवला. त्याला काही लागलं नाही, इतक्या लवकर बाहेरून लागतही नाही. पण तो म्हणाला, 'लागलं.' मी त्याला खोटं पाडलं नाही.

रतनवाडीत उतरलो. रेंज मिळेपर्यंत शेंडी आली. सासूबाईंना फोन केला तर पहिला प्रश्न, 'टोपी घातली होतीस ना?'

तुम्हीही निघताय?

• चौदावा ते सत्ताविसावा आठवडा हा दुसऱ्या तिमाहीचा काळ सर्वांत सोयीचा. मळमळ ओसरलेली, पोट फार जड नाही. आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. माझ्या डॉक्टरांचं 'हो' तुम्हाला चालणार नाही.

• फाइल, ताजा सोनोग्राफी रिपोर्ट आणि रक्तगटाची नोंद सोबत ठेवा. जवळचं रुग्णालय आणि तिथे पोचायला लागणारा वेळ आधीच बघून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

• रक्तस्राव, पाणी जाणं, ठरावीक वेळाने पोट आवळणं, छातीत दुखणं, चक्कर. यातलं काहीही झालं की थांबा आणि थेट डॉक्टर गाठा.

• ओढ्याचं पाणी पिऊ नका, उकळलेलं किंवा सीलबंदच घ्या. न तापवलेलं दूध, कच्चं सॅलड नको. दर दोन तासांनी थोडं खा.

• बूट अर्धा नंबर मोठे घ्या, पाय सुजतात. दोन काठ्या हव्यातच. डासांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे.

• पावसाळ्यातले निसरडे धबधबे, शिड्या आणि सांदण दरीसारख्या दगडांवरून उड्या मारायच्या जागा पुढच्या वर्षासाठी ठेवा.

• हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्रवेशशुल्काची पावती घ्या, कचरा परत आणा, स्पीकर घरी ठेवा.

कसं जाल? मुंबईहून समृद्धीने किंवा कसारा घाटातून इगतपुरी, घोटी, वारंघुशी फाटा, शेंडी. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूरमार्गे शेंडी. रेल्वेने इगतपुरीला उतरून पुढे गाडी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान. टोपी विसरू नका!